कुठे आणि केव्हा

न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळाली आहे आणि घरात प्रत्येकाकडे माझ्या दुखण्याचं नाव आधीच तयार आहे. मंगळवेढ्याहून आईचा रोज फोन येतो. तिच्या मते ही अंगातली उष्णता. रात्री सब्जा भिजत घाल आणि सकाळी उपाशीपोटी घे. सासूबाई म्हणतात अशक्तपणा. जाऊबाईंची खात्री आहे की कमरेत नस दबलीय, कारण त्यांच्या भावाची दबली होती आणि त्यालाही मुंग्या यायच्या. शेजारच्या अक्का मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढून गेल्या. या सगळ्यांचा माझ्यात जीव आहे, हे मला ठाऊक आहे. पण गुरुवारी डॉक्टरांसमोर बसल्यावर यातलं एकही नाव मला घ्यायचं नाही. काय झालं, एवढंच सांगायचंय. आणि ते किती अवघड आहे, हे वही घेऊन बसल्यापासून कळतंय.

डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘उजवा डोळा, ऑप्टिक न्यूरायटिस’ असं आहे, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. खालच्या ओळीत आधी एक प्रश्नचिन्ह, मग ‘डिमायलिनेशन’, म्हणजे नसांवरचं आवरण झिजणं, मग ‘न्यूरो ओपिनियन’. ते प्रश्नचिन्ह ठळक आहे, त्यावरून पेन दोनदा फिरवलेलं दिसतं. मी सरळ विचारलं, ‘म्हणजे एमएस का, डॉक्टर?’ ते म्हणाले, ‘असू शकतं, नसूही शकतं. ते मी ठरवायचं नाही. पण तुम्ही थांबू नका.’ मला हे उत्तर आवडलं. धीर द्यायचा म्हणून ‘काही नाही हो’ म्हणाले असते तर मी घरी येऊन सब्जा भिजत घातला असता.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं; त्याच्यामुळे संदेश वेगानं आणि नीट पोचतात. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती त्याच आवरणावर उलटते. आवरण जिथे झिजतं तिथला संदेश मंदावतो किंवा अडतो. म्हणून एकीला डोळ्यानं कमी दिसतं, दुसऱ्याचा पाय बधिर होतो, तिसऱ्याचा तोल जातो, आणि तरी आजार एकच असतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. माझं वय त्यात बसतं. वय बसलं म्हणून आजार बसतो असं नाही, हे मी स्वतःला रोज बजावते.

रक्त तपासलं, आकडा वाढलेला निघाला आणि साखर आहे असं कळलं, तसं इथे होत नाही. एमएस आहे की नाही हे सांगणारी एकच एक तपासणी नाही. २००१ साली डॉ. इयन मॅक्डॉनल्ड यांच्या पुढाकारानं तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले, ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात आणि आजवर अनेकदा सुधारले गेले. अलीकडची सुधारणा २०२४ ची. त्यांचा गाभा मला समजला तो असा: इजा एकाहून जास्त ठिकाणी झालीय का, आणि ती वेगवेगळ्या वेळी झालीय का. शिवाय या सगळ्याला दुसरं काही कारण नाही ना. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी यांचं वजन त्यात मोठं आहे. पण यंत्रात जाण्याआधी डॉक्टर हे दोन प्रश्न माणसाला विचारतात. कुठे? केव्हा? आणि त्यांची उत्तरं माझ्याशिवाय कोणाकडेच नाहीत.

हे वाचलं आणि मला जरा बळ आलं. तोवर मी तपासून घ्यायला जाणार होते. आता मला साक्ष द्यायला जायचंय.

‘केव्हा’पासून सुरुवात केली. तारखा आठवेनात, सण आठवत होते. पायांचं सुरू झालं ते कोजागरीच्या सुमारास, एवढं नक्की, कारण गेल्या कोजागरीला आम्ही तुळजापूरला चालत गेलो होतो. त्या दिवसांत सोलापूरचा तो रस्ता माणसांनी फुललेला असतो, सुमारे ४५ किलोमीटरची चाल, जागोजागी चहा-फराळ आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर. घरी आल्यावर पाय ठणकले, ते ठणकायचेच. ठणका दोन-तीन दिवसांत ओसरला आणि खाली बधिरपणा उरला. ‘एवढं चाललीस, पाय बधिर होणारच की,’ असं सगळेच म्हणाले, आणि मलाही ते पटलं होतं. कारण समोर असलं की माणूस दुसरं कारण शोधत नाही.

किती दिवस होतं ते? हे म्हणाले चार-पाच दिवस. सासूबाई म्हणाल्या महिनाभर. शेवटी मी मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. सासूबाई मागच्या पानांवरच्या मजकुरासाठी जुनी कॅलेंडरं जपून ठेवतात. आपल्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी त्या चौकटीत ‘पा’ लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. कोजागरीनंतरच्या दुसऱ्या ‘पा’शेजारी माझ्याच अक्षरात सापडलं: ‘ह्यांनी भरलं’. मग सगळं आठवलं. पहाटे उठून मी हंडा घेऊन जिन्यानं चढले आणि उतरताना पाऊल पायरीवर टेकलं की नाही तेच कळेना. हंडा खाली ठेवला आणि ह्यांना उठवलं. पुढच्याही ‘पा’शेजारी तेच, ‘ह्यांनी भरलं’. दिवाळीतल्या ‘पा’शेजारी काहीच नाही, म्हणजे तोवर मी परत पाणी भरायला लागले होते. एवढ्यावरून दोन्ही टोकं हाती आली.

टोकं का हवीत, तेही सांगते. एमएसमध्ये ज्याला अटॅक म्हणतात तो निदान २४ तास टिकलेला असावा लागतो, आणि त्या वेळी ताप किंवा कसलं इन्फेक्शन नसावं. दुसरा अटॅक वेगळा धरायचा तर दोघांमध्ये निदान ३० दिवसांचं अंतर हवं. अर्धा तास मुंग्या आल्या नि गेल्या, ही एक गोष्ट. कोजागरीला सुरू होऊन दिवाळीपर्यंत राहिल्या, ही अगदीच दुसरी. ‘मधे पायाला जरा मुंग्या यायच्या’ असं मी म्हणाले असते तर दोन्हींतलं काय, हे डॉक्टरांना कळलंच नसतं.

मग ‘कुठे’. इथे मी फार वेळ घालवला आणि मला वाटतं तो सार्थकी लागला. बधिरपणा आधी तळव्यांना होता. चप्पल पायातून निसटली तर फरशीचा गारवाही लागत नव्हता. मागे वळून बघितलं की कळायचं, चप्पल मागेच राहिलीय. मग तो पोटऱ्यांतून वर चढला, मांड्यांना आला, कमरेशी थांबला. दोन्ही पायांना. त्याच्याही वर, बेंबीच्या जरा वरच्या भागात, चोहीकडून आवळल्यासारखं व्हायचं. मी परकराची नाडी सैल केली, मग गाऊन घालून बघितला, तरी आवळणं जाईना. पण ताकद होती. जिना चढता येत होता, उकिडवं बसून उठता येत होतं. म्हणजे संवेदना गेली, शक्ती गेली नाही. हे दोन्ही मी बोलताना ‘पाय गेले’ या एकाच शब्दात कोंबत होते. दबलेली नस साधारणपणे एका पायात, ठरावीक पट्ट्यात उतरते. दोन्ही पायांतून वर चढत धडापर्यंत येणारा बधिरपणा डॉक्टरांना मज्जारज्जूकडे बघायला लावतो. तेव्हा कुठपर्यंत होतं, हे बोटानं दाखवता आलं पाहिजे. मुलगी तिसरीत आहे. तिनं वहीत माणसाचं मोठं चित्र काढून दिलं, हाताची दहाही बोटं मोजून, आणि मी त्याच्या कमरेवर रेघ मारली. ‘हे कोण आहे?’ तिनं विचारलं. ‘मी,’ म्हणाले. तिनं लगेच त्याला वेणी काढली.

डोळ्याचं ‘केव्हा’ कारखान्यातच लिहिलेलं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. रंगून आलेला माल मंजूर शेडशी जुळतो का ते बघणं, हे माझं निम्मं काम. होळीच्या आधी लाल रंगाचा एक लॉट आला. लाइट बॉक्सखाली नमुना ठेवला आणि मला तो फिकट दिसला, जुन्या विटेच्या अंगानं जाणारा. डाईंग मास्तरांना बोलावलं. ते म्हणाले, ‘अक्का, शेड बरोबर आहे की. नीट बघा.’ मी नीट बघितलं. डोक्यात काय आलं कोण जाणे, डावा डोळा झाकला. नमुना आणखी विटला, मधोमध धुरकट झाला. उजवा झाकला, तर तोच टॉवेल लालभडक. झाकला, उघडला, झाकला, उघडला. एकाच टॉवेलचे दोन लाल रंग. मास्तर काही बोलले नाहीत, स्टूल पुढे सरकवलं.

त्याच्या आधी दोन दिवस तो डोळा फिरवला की आत दुखत होता. मोबाइल जास्त बघते म्हणून असेल असं वाटलं होतं. डोळ्याच्या नसेला सूज आली की बहुतेकांना असंच होतं: बुबुळ हलवताना दुखतं, मधला भाग अंधुक होतो आणि रंग विटतात, त्यातही लाल आधी. डोळ्याच्या डॉक्टरांकडे लाल टोपणाची बाटली होती. ती एकेका डोळ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, रंगात फरक वाटतो का. मी कामावर जे केलं तेच त्यांनी केलं. आता दिसणं पुष्कळ सुधारलंय, पण लॉट मंजूर करायचा तर मी डाव्या डोळ्यावर भरवसा ठेवते. तारीख क्वालिटीच्या रजिस्टरला आहे, त्या पानाचा फोटो फाइलला लावलाय. २०२४ च्या निकषांत डोळ्याची नससुद्धा ‘कुठे’मधलं एक ठिकाण म्हणून धरली जाते. तेव्हा तो टॉवेल वाया गेला नाही.

हे दोन प्रसंग लिहून झाले आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिसरा वर आला. मुलगी दीड-दोन महिन्यांची होती, मी माहेरी मंगळवेढ्याला होते. उजवा हात कोपरापासून खाली सुन्न झाला होता. बाळाच्या लंगोटाची गाठ बोटांना कळायची नाही, म्हणून मी बघून बघून बांधायची. आई म्हणाली बाळंतपणाचा वात आहे. ती रोज तीळतेल कोमट करून चोळायची, शेकायची. बाळाच्या बारशाच्या फोटोत मी डाव्या हातानं पाळण्याची दोरी धरलीय, ते त्यामुळेच. पुढे हात आपोआप बरा झाला आणि सगळे विसरले. आता वाचते तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एमएसचे अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, हे ठाऊक असलेलं आहे. माझ्या हाताचं तेच होतं असं मी म्हणत नाही. हातावर झोपून, अवघडूनही मुंग्या येतात. पण ते इतके दिवस राहत नाही, म्हणून वहीत नोंदलं. ठरवायचं काम डॉक्टरांचं. मी गाळलं तर त्यांना ठरवताच येणार नाही.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. मान खाली घालून थापताना हल्ली मानेपासून कमरेपर्यंत करंट जातो. क्षणभरच. मान वर केली की बंद. याला फ्रेंच डॉक्टर झाँ लेर्मित यांचं नाव आहे आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा असली की असं होऊ शकतं. एमएसखेरीज इतर कारणांनीही होतं. घरात हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर भाकरी थापणं बंद करतील आणि पोळ्यांवर आणतील, आणि ज्वारीच्या भाकरीशिवाय आमच्याकडे कुणाचं जेवण होत नाही.

आता उन्हाळा. चैत्र लागला की आपलं गाव चाळिशी पार करतं आणि वैशाखात तर दुपारी रस्ते ओस पडतात. या दिवसांत मला एक गोष्ट घाबरवत होती. स्टॉपवरून कारखान्याच्या गेटापर्यंत उन्हातून चालत गेलं की उजव्या डोळ्यापुढे पुन्हा तोच धूर यायचा. कडकडीत पाण्यानं न्हायल्यावरही तसंच. मला वाटायचं, परत सुरू झालं. पण पंख्याखाली बसून मानेवर ओला टॉवेल ठेवला की थोड्या वेळात निवळायचं. विल्हेल्म ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली हेच लिहून ठेवलंय. शरीर तापलं की आधी इजा झालेल्या नसेतून संदेश आणखी अडखळतो, आणि अंग निवलं की पूर्ववत होतो. तो नवा अटॅक नसतो, उन्हानं नवी इजाही होत नाही. म्हणून वहीत उन्हाच्या नोंदींसाठी वेगळं पान केलं: काय करत होते, किती वेळ टिकलं, कशानं थांबलं. आईलाही फोनवर सांगितलं, ‘तू उष्णता म्हणतेस ना, त्यात थोडं तथ्य आहे बघ.’ तिला इतका आनंद झाला की सब्जाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते यानंतरचं पान.

थकवा लिहायला लाज वाटत होती. बाईमाणूस थकतंच, त्यात सांगायचं काय? कारखाना, घर, मुलीचा अभ्यास, पाणी. पण हा थकवा निराळा आहे. रात्रभर नीट झोपून उठले तरी दुपारच्या जेवणाआधी अंगातलं सगळं संपलेलं असतं, आणि रविवारी काही काम नसतानाही संपतं. मागच्या वर्षी याच कामाला मी पुरून उरत होते. ‘फार थकते’ या दोन शब्दांनी डॉक्टरांना काही मिळणार नाही. म्हणून लिहिलं: पूर्वी संपूर्ण लॉट उभ्यानं तपासायची, आता मधे बसावं लागतं, पूर्वी कारखान्यातून आल्यावर स्वयंपाक करायची, आता आधी आडवं व्हावं लागतं.

आणि लघवीचं. घाई लागली की दम धरवत नाही. कारखान्यात बायकांचं स्वच्छतागृह अंगणाच्या पलीकडे आहे, म्हणून मी कामावर पाणी पिणंच कमी केलं होतं. हे ह्यांनाही माहीत नव्हतं. आपल्या किती जणी हे असंच मनात ठेवून दिवस काढतात! डिलिव्हरीनंतर असं होतंच म्हणून सोडून देतात. पण मज्जारज्जूवर परिणाम असेल तर मूत्राशयावर होतो, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं ही चेहऱ्यावर पदर घेऊन सांगायची गोष्ट नाही, निदानाला लागणारी माहिती आहे. बद्धकोष्ठ, नवरा-बायकोतल्या संबंधांत जाणवणारा फरक, मन उदास राहणं, शब्द चटकन न आठवणं, हेही त्यातच येतं. तोंडानं होत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवायचं. ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं म्हटलं तर कुठलाही चांगला डॉक्टर सोबतच्याला बाहेर बसवतो. मी लिहिलंय. आणि मग ह्यांना वाचायला दिलं. वाचून ते एवढंच म्हणाले, ‘पाणी पीत जा.’

असं लिहून ठेवणारा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी होता. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू, ऑगस्टस डेस्टे. १८२२ च्या डिसेंबरात एका जवळच्या नातलगाकडे राहायला तो स्कॉटलंडला गेला, पोचला तर नातलग वारलेला; अंत्यविधी झाला, आणि त्यानंतर त्याची नजर अशी गेली की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग दिसायला लागलं. काही वर्षांनी एकाचे दोन दिसू लागले, पुढे पायांतली शक्ती गेली. हे सगळं तो डायरीत लिहीत राहिला, अगदी लघवीच्या त्रासापर्यंत. तो १८४८ मध्ये गेला. शार्को यांनी आजाराचं वर्णन केलं ते त्यानंतर वीस वर्षांनी. म्हणजे आयुष्यभर त्याला आपल्या दुखण्याचं नाव मिळालं नाही. पण कुठे आणि केव्हा हे त्यानं इतकं नेटकं लिहिलं होतं की पुढच्या शतकातल्या डॉक्टरांनी नुसत्या डायरीवरून एमएस ओळखला. राजाच्या नातवाला जे तेव्हा मिळालं नाही ते मला बसनं गेलं तरी गाठता येतं. मग लिहायला आळस कसला?

आता ‘दुसरं कारण नाही ना’ याबद्दल. यात मला आशा आहे, लपवत नाही. बी-१२ कमी असलं तरी पायांना मुंग्या येतात, तोल जातो, डोळ्याच्या नसेवरही परिणाम होऊ शकतो, आणि आपल्याकडे शाकाहारी माणसांत ते कमी असणं अगदी सर्रास आहे. मी शाकाहारी आहे. थायरॉइड, साखर, मानेचे मणके, काही इन्फेक्शन्स, हे सगळं बघतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा आजार मुख्यतः डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर येतो, एमएससारखा दिसतो, पण त्याचे औषधोपचार वेगळे. एमएसची काही औषधं त्यात उलट त्रास देतात. त्याची रक्ततपासणी २००४ नंतर शक्य झाली. म्हणून नाव घाईनं चिकटवण्यापेक्षा बरोबर चिकटवणं महत्त्वाचं.

इथे एक गोष्ट विसरू नये. ताकदीचं म्हणून घेतलेलं लाल इंजेक्शन, मेडिकलमधून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, दुखतंय म्हणून कुणी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, सगळं सांगायचं. बी-१२ चं इंजेक्शन आधीच घेतलं असेल तर रक्तातला आकडा चांगला दिसतो आणि खरी गोष्ट झाकली जाते. मी रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाकलीत. नाव वाचून सांगण्यापेक्षा पाकीट दाखवणं बरं.

जाऊबाईंनी आग्रह धरला होता की आधीच एमआरआय करून घे, म्हणजे एका फेरीत काम होईल. मी नाही केला. मेंदूचा करायचा, मानेचा-पाठीचा करायचा की डोळ्याच्या नसेचा, गॅडोलिनियमचं, म्हणजे इजा उठून दिसावी म्हणून देतात ते, इंजेक्शन देऊन करायचा की न देता, हे ज्यांना वाचायचंय त्यांनीच सांगावं. नाहीतर कमरेचा काढून पैसे जायचे आणि हवा तो भाग राहून जायचा. जुने काही असतील तर मात्र नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, फिल्म आणि सीडी हवी. करायचा ठरलाच तर मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं उतरवावं लागतं. जोडव्यांवरून सासूबाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, ‘काढ की. परत घालता येतात.’

कपड्यांचाही विचार केलाय. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, तळव्यावर टोकदार वस्तूनं रेघ ओढतात, घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंप कळतो का विचारतात, एका रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालायला लावतात. चुडीदार गुडघ्याच्या वर जात नाही. सैल सलवार घालणार आहे, पटकन काढता येईल अशी चप्पल, आणि चष्मा बरोबर.

ह्यांच्याशी एक बोलणं आधीच करून ठेवलं. डॉक्टर बायकोला विचारतात आणि नवरे उत्तर देतात, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. यात वाईट हेतू नसतो, काळजीनंच बोलतात. पण मला काय वाटलं ते मलाच सांगू द्या, असं मी ह्यांना म्हणाले. त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं ते त्यांनी सांगायचं: मी भिंत धरून चालायची, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. हे मला माहीतच नव्हतं, त्यांच्या लक्षात आलं होतं. आणि डॉक्टर बोलतील ते त्यांनी लिहून घ्यायचं, कारण भीतीत मला अर्धंच ऐकू येईल.

भीती आहेच. मोबाइलवर शोधलं की पहिल्यांदा व्हीलचेअर दिसते. मी ते पाहणं बंद केलं आणि औषधांचा इतिहास वाचला. आजाराची वाटचाल बदलणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालं. त्याआधी सव्वाशे वर्षं डॉक्टरांकडे निदान होतं, शेवटच्या काही दशकांत अटॅक आला तर स्टेरॉइडही होते, पण पुढचे अटॅक कमी करणारं काही नव्हतं. आज वीसहून जास्त औषधं आहेत, आणि लवकर सुरू केली तर जास्त उपयोग होतो. बहुसंख्य लोकांचा आजार अटॅक येऊन ओसरण्याच्या प्रकारानं सुरू होतो. औषधं स्वस्त नाहीत, हेही वाचलंय. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, पुण्यातही शाखा आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यात एमएस आहे. हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर आहे. लागेल तेव्हा उलटायचं.

तोवर काही झालं तर गुरुवारची वाट बघायची नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. एका डोळ्याचं दिसणं झपाट्यानं गेलं, पायातली ताकद गेली, लघवी अडली, किंवा अचानक तोंड वाकडं होऊन बोलणं जड झालं, तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीला.

प्रश्न पुष्कळ निघाले, त्यातले तीनच वरच्या पानावर घेतलेत, कारण बाहेर रांग असणार. एक, माझ्या या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि नसेल तर आणखी काय असू शकतं? दोन, कोणत्या तपासण्या आधी आणि कशासाठी? तीन, निदान होईपर्यंत मी काम चालू ठेवू का? तिसरा सासूबाईंनी लिहायला लावला. त्यांनी स्वतः आयुष्यभर विड्या वळल्यात. म्हणाल्या, ‘घरी बस म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस. किती दिवस, ते विचार.’ तेही त्यापुढे लिहिलंय. बाकीचे प्रश्न पुढच्या भेटीला.